सीमाभागातल्या वर्गासाठी पहिल्या वर्षाचा इंजिनिअरिंग कोर्स कसा आखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर पहिल्या वर्षाचा ‘इंट्रोडक्शन टू मेकॅनिकल’ किंवा तसलाच एखादा विषय तुमच्याच गळ्यात पडणार, हे धरून चाला. विभागातला सर्वांत नवा माणूस आणि सर्वांत ‘सोपा’ विषय ही जोडी ठरलेली असते. विषयातला मजकूर खरंच सोपा आहे. अवघड असतो तो वर्ग. एकाच बाकावर तीन माध्यमांतून आलेली तीन मुलं बसलेली असतात आणि तिघंही मान डोलावत असतात.

कोर्स आखायचा म्हणजे अभ्यासक्रम लिहायचा असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. कॉलेज विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न असेल तर पाच मॉड्यूल वरून ठरून येतात. स्वायत्त कॉलेजात थोडी मोकळीक मिळते, पण तिथेही पहिल्याच वर्षी तुम्हाला कुणी फार विचारणार नाही. तुमच्या हातात उरतात त्या गोष्टी अशा: उदाहरणं, क्रम, वर्गात बोलायची भाषा, गट कसे पाडायचे ते, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण. विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रम-योजनेत हे गुण शंभरपैकी पन्नास आहेत. निम्मी परीक्षा तुमच्या हातात असणं ही लहान गोष्ट नव्हे. माझं म्हणणं असं की हे सगळं बळ पहिल्या सहा आठवड्यांवर लावा. पहिली चाचणी साधारण त्याच सुमारास येते आणि ‘आपल्याला हे झेपतं की नाही’ याचा निकाल मुलं तेव्हाच मनाशी लावून टाकतात. एकदा तो उलटा लागला की पुढचे आठवडे तुम्ही कितीही चांगलं शिकवा, तो फिरवणं जड जातं.

वर्गात कोण बसलंय, ते आधी विचारा

खानापूर तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत पडलेली मुलगी. गोकाक नाहीतर सौंदत्तीकडचा कन्नड माध्यमाचा मुलगा. बेळगाव शहरातल्या टिळकवाडीतला, बालवाडीपासून इंग्रजी शाळेत गेलेला. वडील फौजेत म्हणून चार गावच्या शाळा बघून आलेला कॅम्पातला. चंदगड-गडहिंग्लजकडून महाराष्ट्र बोर्डाची बारावी करून आलेला. उर्दू शाळेतून आलेली. ही सगळी मुलं विज्ञान आणि गणित घेऊन पास झालेली आहेत, म्हणजे कुवतीचा प्रश्न दारातच मिटला. फरक आहे तो सवयीचा: कुणी कशाला हात लावलाय, कुणी काय कुठल्या भाषेत ऐकलंय याचा.

त्यात आणखी एक गंमत. या योजनेत मुलांनी आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेची तोंडओळख घ्यायची असते. त्यामुळे तुमच्यासमोर बसलेल्या बऱ्याच जणांना कॉम्प्युटर सायन्स हवंय आणि ‘बॉयलर आम्हाला कशाला?’ हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो. त्याचं उत्तर पहिल्याच तासाला तयार ठेवा.

पहिल्या दिवशी अर्ध्या पानाचा एक फॉर्म द्या. प्रश्न कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत छापा. दहावी कुठल्या माध्यमात झाली? पाना, व्हर्नियर, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन यांपैकी काय हाताळलंय? घरी लॅपटॉप आहे की सगळं मोबाइलवरच? कॉलेजला कसे येता, किती वेळ लागतो, शेवटची बस किती वाजता? एवढंच. टक्के विचारू नका, वडिलांचा धंदा विचारू नका, जात तर नाहीच नाही. आणि फॉर्म भरल्यावर तो वर्गात मोठ्याने वाचायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांची चाचणी घ्या आणि तिला गुण नाहीत हे आधीच सांगा. प्रश्न साधेच: ३/८ इंच म्हणजे साधारण किती मिलिमीटर, ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर, एक आलेख देऊन त्याचा उतार काय सांगतो, काडेपेटी अर्धी उघडली तर वरून कशी दिसेल, ते काढा. शेवटचा प्रश्न असा ठेवा: चढावर सायकलचा कुठला गिअर टाकाल आणि का, चार ओळी, वाटेल त्या भाषेत. या शेवटच्या प्रश्नासाठीच ही सगळी चाचणी असते. आधीच्या उत्तरांत अडखळलेल्या मुलाने आपल्या भाषेत बल आणि अंतराचा हिशेब बिनचूक मांडला असेल, तर त्याला शिकवणीची गरज नाही. त्याला इंग्रजी शब्द हवे आहेत. उलट इंग्रजीत झोकात लिहून ‘लो गिअर इज मोअर पॉवरफुल’ एवढ्यावरच थांबलेला मुलगा जास्त काळजीचा. कन्नड किंवा उर्दू लिपी तुम्हाला वाचता येत नसेल तर विभागातल्या सहकाऱ्यांना बसवून घ्या. उत्तर इंग्रजीत लिहायला लावू नका.

उदाहरणं इथलीच घ्या

पाठ्यपुस्तकातली उदाहरणं विमानाच्या टर्बाइनची नाहीतर लिफ्टची असतात. लिफ्टमध्ये कधीतरीच बसलेल्या मुलाला लिफ्टवरून त्वरण शिकवायचं, म्हणजे आधी लिफ्ट शिकवावी लागते. सगळ्यांनी पाहिलेली वस्तू निवडा.

मी पहिल्या आठवड्यात पाण्याची मोटर घेतो. पाच एचपीची मोटर, पाइपातलं घर्षण धरून तीस मीटर उंची. सेकंदाला किती लिटर पाणी येईल? आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, मगच गणित. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पाच एचपीचे झाले ३,७३०. मोटरच्या पट्टीवर ३.७ किलोवॉट छापलेलं असतं ते हेच. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर पाण्याच्या वाट्याला १,८६५ वॉट. एक लिटर पाणी तीस मीटर चढवायला सुमारे २९४ ज्यूल लागतात. भागाकार करा: सेकंदाला ६.३ लिटर. दहा हजार लिटरची टाकी साधारण २६ मिनिटांत भरेल. हेच पाणी अडीच इंची पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगाने जाईल.

या एका गणितात एकक बदलणं येतं, ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक येतो, कार्यक्षमता येते, प्रवाह येतो. शिवाय ज्याच्या शेतात मोटर आहे त्याच्याकडे पुस्तकात नसलेली माहिती असते. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गळला की पाइप रिकामा होतो आणि पुन्हा पाणी भरल्याशिवाय मोटर पाणी ओढत नाही. व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुणगुणते आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. शहरातल्या मुलाला हे ठाऊक नसतं, पण अपार्टमेंटच्या गच्चीवरची टाकी किती वेळात भरते ते त्यालाही माहीत असतं. कॉम्प्युटर सायन्सवाल्याला म्हणा, टाकी भरल्यावर मोटर आपोआप बंद करणारा प्रोग्राम लिहायचाय, तर तुला कुठकुठल्या राशी मोजाव्या लागतील? ‘आम्हाला कशाला?’ हा प्रश्न तिथे बराचसा मावळतो.

इथे एक जपायचं. ‘तू शेतकऱ्याचा मुलगा ना, मग तू सांग’ असं भर वर्गात कधीही म्हणू नका. तो गौरव वाटत नाही, नमुना म्हणून उभं केल्यासारखं वाटतं. प्रश्न सगळ्यांना टाका. ज्याला माहीत असेल तो बोलेल, आणि नाही बोलला तर दुसऱ्या आठवड्यात बोलेल.

मोटरीसारख्या वस्तू या भागात पैशाला पासरी आहेत. उसाचा चरक घेतला की गिअर आणि टॉर्क येतो. वडगाव-शहापूरचे माग घेतले की फिरत्या गतीतून पुढे-मागे होणारी गती कशी मिळते ते येतं. खानापूरची कुंभारकी घेतली की माती वाळताना आणि भाजताना का आकसते, तडा का जातो ते येतं. गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटरचा. सेकंदाला एक घनमीटर पाणी तेवढ्या उंचीवरून पडलं तर तोटा न धरता ५१० किलोवॉट. धबधब्यावर सेल्फी सगळ्यांनीच काढलेला असतो, त्यामुळे हा आकडा मुलांच्या लक्षात राहतो.

आणि इंजिनिअर कोण असतो हे सांगायला लक्ष्मणराव किर्लोस्कर पुरेत. १८६९ मध्ये सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरला जन्म, मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते विश्वेश्वरय्यासुद्धा इंजिनिअरिंग शिकायला पुण्यालाच आले होते. माणसं तेव्हाही या भाषेतून त्या भाषेत ये-जा करत होती. हे सांगा आणि पुढे चला. सीमाप्रश्नावर वर्गात चर्चा नको. तुमचं मत काहीही असो, समोरच्या निम्म्या मुलांना त्या क्षणी तुम्ही परके होता.

उद्यमबागची फेरी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक वसाहतींतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मुलांना न्या. बेळगावला हा फायदा फुकट मिळालाय आणि बरीच कॉलेजं तो तिसऱ्या वर्षापर्यंत राखून ठेवतात, ते मला पटत नाही. मालकाची लेखी परवानगी, बंद बूट, सैल ओढणी नको, एका वेळी पंधरा-वीसच मुलं. ओतकाम चालू असताना किती अंतरावर उभं राहायचं ते फोरमन ठरवेल, तुम्ही नाही.

जाण्याआधी वर्गात एकच प्रश्न द्या: लोखंडाचा ३०० मिलिमीटरचा भाग हवाय, तर लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना) किती लांबीचा करायचा? बिडाचं ओतीव थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून सुमारे ३०३. बहुतेक मुलं ३०० म्हणतात. मग तिथे पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींनाच विचारायला लावा की ते हा जास्तीचा भाग कसा धरतात. त्यांच्यापैकी कुणी मराठीत बोलेल, कुणी कन्नडात, कुणी हिंदीत. वर्गात गप्प बसणारी मुलं इथे दुभाष्याचं काम करतात आणि इंग्रजी शाळेतला मुलगा त्यांच्या मागे वही घेऊन उभा असतो. हे मुद्दाम घडवून आणायचं नाही, आपोआप होतं. तुम्ही फक्त निरीक्षणाच्या कागदावर ‘कामगाराशी बोलून कळलेली एक गोष्ट’ असा रकाना ठेवा.

भाषा

परीक्षा इंग्रजीत आहे, म्हणून वर्गही शुद्ध इंग्रजीतच चालवायचा, हा हट्ट बऱ्याच नव्या प्राध्यापकांचा असतो. दुसरीकडे मराठी माणूस मराठी मुलं दिसली की मराठीतच सुरू होतो, आणि कन्नड मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. दोन्ही टाळा. फळ्यावर सगळं इंग्रजीत लिहा, संकल्पना पहिल्यांदा सोप्या इंग्रजीत सांगा, मग दोन मिनिटं मुलांना शेजाऱ्याशी आपल्या भाषेत बोलू द्या, आणि शेवटी कुणालाही उठवून एक वाक्य इंग्रजीत म्हणायला लावा. विनोद मात्र सगळ्यांना कळेल अशाच भाषेत करा. मागच्या बाकावरच्या चौघांनाच हसू आलं तर बाकीच्यांना वाटतं, आपल्यावरच काहीतरी बोलले.

शब्दांची यादी पहिल्या आठवड्यातच द्या: शंभर इंग्रजी संज्ञा, शेजारी मराठी आणि कन्नड. कन्नड रकाना कन्नड सहकाऱ्याकडून करून घ्या, अंदाजाने भरू नका, कारण काही शब्द दोन्हीकडे असून वेगळ्या अर्थाचे निघतात. मराठी शाळेत ‘शक्ती’ म्हणजे पॉवर, कन्नड शाळेत ‘शक्ति’ म्हणजे एनर्जी. तुम्ही समजुतीखातर ‘शक्ती’ म्हणालात की निम्मा वर्ग चुकीची राशी लिहून घेतो.

त्याहून महत्त्वाचे आहेत प्रश्नपत्रिकेतले शब्द, आणि ते कुणीच शिकवत नाही. ‘डिफाइन’ला दोन ओळी, ‘एक्स्प्लेन’ला कारणासकट परिच्छेद, ‘विथ अ नीट स्केच’ म्हटलं की पेन्सिलीने आकृती आणि नावं, नाहीतर गुण कापले जातात. ‘डिफरन्शिएट बिटवीन’ म्हणजे फरक लिहा. गणिताच्या तासाहून आलेली मुलं या शब्दाने खरंच गोंधळतात. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन एक पूर्ण तास फक्त यावर घाला. मागच्या वर्षीची एक चांगली आणि एक कच्ची उत्तरपत्रिका नाव झाकून दाखवा आणि मुलांनाच गुण द्यायला लावा.

‘कळलं का?’ हा प्रश्न बंद करा. त्यावर इथलं उत्तर ठरलेलं आहे: ‘कळलं की ओ सर.’ त्याऐवजी दोन पर्याय देऊन हात वर करायला सांगा, मग शेजाऱ्याशी वाद घालायला लावा, मग पुन्हा हात वर.

ड्रॉइंग

पहिल्या वर्षी मुलं नापास होतात त्यात ड्रॉइंगचा वाटा मोठा, आणि दोष बुद्धीला दिला जातो. वस्तू मनात फिरवून बघणं हे सरावाने येतं. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सोर्बी यांनी १९९३ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी यावर वेगळा कोर्स चालवला. आधी कच्च्या असलेल्या मुलांना, आणि त्यातही मुलींना, त्याचा चांगला उपयोग झाल्याचं दिसलं. आपल्याला वेगळा कोर्स नको, आठवड्याला अर्धा तास बास. कपडे धुवायच्या साबणाची वडी आणि जुनी सुरी द्या. वडीला खाच पाडा, कोपरा उडवा, आणि समोरून, वरून, बाजूने काय दिसतं ते हाताने काढा. मग कागद शेजाऱ्याला द्यायचा आणि त्याने नुसता कागद बघून दुसरी वडी कापायची. दोन्ही वड्या शेजारी ठेवल्या की चूक कुणाची ते लगेच दिसतं. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर यानंतर.

एक सूचना पहिल्याच तासाला द्या. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. मुलं रात्री मोबाइलवर जे व्हिडिओ बघतात त्यातले अमेरिकन व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात, तिथे ते वर येतं. हुशार मुलगा दोन्ही बघून पार गोंधळतो आणि विचारायला लाजतो.

गट, गुण आणि बसची वेळ

गट चौघांचे करा आणि ते तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलं तर माध्यमावार टोळ्या होतात. पण प्रत्येक गटात एकेक मुलगी वाटून टाकायची, हा न्याय चुकीचा आहे. तीन मुलांत एकटी पडलेली मुलगी वही लिहायच्या कामाला लागते. दोघी एकत्र ठेवा, काही गट नुसत्या मुलांचे झाले तर होऊ देत. एकट्या पडणाऱ्या भाषेच्या मुलाचंही तेच. कामं फिरती ठेवा: मोजणारा, लिहिणारा, जोडणी करणारा, सांगणारा. दर पंधरवड्याला बदल. नाहीतर इंग्रजी चांगलं असलेला मुलगा सहा महिने फक्त सांगतच राहतो आणि पान्याला हातही लावत नाही.

पन्नास गुणांतल्या चाचण्यांचं वेळापत्रक वरून येतं, पण असाइनमेंटचे गुण तुम्ही लहान तुकड्यांत वाटू शकता. पहिली असाइनमेंट दुसऱ्याच आठवड्यात घ्या, चार-पाच गुणांची, आणि आठवड्याच्या आत तपासून परत द्या. चूक सुधारून पुन्हा दिली तर गुण वाढतील हे जाहीर करा. रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, मॉडेलसाठी थर्माकोलचा खर्च यातलं काहीही मागू नका. हाताने लिहिलेलं चालेल, आणि मॉडेल भंगारातल्या वस्तूंचं असेल तर जास्त बरं.

फॉर्मवरचा बसचा रकाना आता काढा. विद्यापीठ ८५ टक्के हजेरी मागतं. खानापूरकडे जुलै-ऑगस्टात पाऊस कसा पडतो ते तुम्हाला कुणी सांगायला नको, आणि जंगलभागातल्या गावाला संध्याकाळी एखादीच बस असते. जादा तास संध्याकाळी पाचला ठेवलात की ज्यांच्यासाठी ठेवला तीच मुलं गैरहजर राहतात. दुपारच्या सुट्टीतली वीस मिनिटं घ्या किंवा प्रयोगशाळेचा तास लवकर आटपून उरलेला वेळ वापरा. लॅपटॉप नसलेल्यांना लॅबची किल्ली दुपारी मिळेल अशी व्यवस्था इन्स्ट्रक्टरशी बोलून आधीच करून ठेवा.

सहाव्या आठवड्यात, पहिल्या चाचणीनंतर, पहिल्या दिवशीचे फॉर्म आणि चाचणीचे गुण शेजारी ठेवून बघा. माध्यमाप्रमाणे गुण सरळ दोन थरांत पडले असतील तर उदाहरणं किंवा भाषा अजून कुठेतरी एकाच बाजूची आहे. तसं नसेल आणि काही जणच मागे असतील, तर त्यांना एकेकटं बोलावून गणित तोंडी सोडवायला लावा, त्यांच्याच भाषेत. अडचण नेमकी कुठे आहे ते बहुधा पाच मिनिटांत कळतं.

राहता राहिली डिप्लोमाची मुलं. ती थेट तिसऱ्या सेमिस्टरला येतात, त्यामुळे तुमच्या वर्गात नसतात आणि कुणाच्या लक्षातही नसतात. त्यांना गणित आणि इंग्रजी जड जातं, पण लेथ आणि वेल्डिंगवर हात बसलेला असतो. वर्कशॉपच्या तासाला त्यांच्यातल्या दोघा-तिघांना मदतीला बोलवा, विभागप्रमुखांची परवानगी काढून. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणारं कुणीतरी जवळच्या वयाचं मिळतं, आणि त्या मुलांची कॉलेजात ओळख होते ती ‘लॅटरलवाली’ म्हणून नव्हे, तर वर्कशॉपमधले दादा-ताई म्हणून.